कटाच्या गावात हरीरा

मोरोक्कोतल्या टँजियर शहराचा इब्न बतूता १३३३ च्या सप्टेंबरात सिंधूच्या काठी पोहोचला आणि पुढली काही वर्षं दिल्लीला महंमद तुघलकाच्या चाकरीत राहिला. त्याच्या प्रवासवर्णनात सुलतानाचा लहरीपणा आहे, डाकेची व्यवस्था आहे, वाटेतल्या लुटालुटी आहेत. पण स्वयंपाकघरात रमणारा वाचक अडतो तो धान्यांच्या यादीपाशी. हिंदुस्थानात खरिपाला काय पेरतात आणि रब्बीला काय, हे तो बारकाईनं नोंदवतो. मुगापाशी आल्यावर सांगतो, की हे लोक मूग तांदळाबरोबर शिजवतात, तुपाशी खातात, त्याला खिचडी म्हणतात आणि रोज सकाळी तिचीच न्याहारी करतात. आपल्या मुलखातल्या वाचकाला हे समजावं म्हणून तो घरचाच दाखला देतो. मगरिबात जे स्थान हरीऱ्याचं, तेच यांच्याकडे खिचडीचं.

म्हणजे मोरोक्कोचा हरीरा आणि आपलं कडधान्य यांची गाठ कोणीतरी फार पूर्वीच घालून ठेवली आहे, आणि तीही हरीऱ्यावर वाढलेल्या माणसानं. याच प्रवाशानं नंदुरबारला मराठे पाहिले. ते कुशल कारागीर आहेत, भात, भाज्या आणि तिळाचं तेल हा त्यांचा आहार आहे, जनावराला इजा करणं त्यांना रुचत नाही, असं त्यानं लिहून ठेवलं. महाराष्ट्रातल्या शाकाहारी जेवणाचं परक्या डोळ्यांनी केलेलं हे एक जुनं वर्णन आहे, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान आपण अजून दिलेला नाही.

आजचा हरीरा म्हणजे मसूर आणि काबुली हरभरा यांचं दाटसर सूप. टोमॅटोचा रस, कांदा, सेलरी, भरपूर कोथिंबीर, आलं, हळद, मिरी आणि दालचिनी यांत तो शिजतो आणि शेवटी पिठाचं पाणी लावून त्याला अंग आणतात. मोरोक्को आणि पश्चिम अल्जीरिया हे त्याचं घर. रमजानात संध्याकाळची अजान झाली, की खजूर, हरीऱ्याचा वाडगा आणि मधात बुडवलेली, तीळ लावलेली शेबाकिया यांनी रोजा सुटतो. पुष्कळ घरी त्यात बकऱ्याच्या किंवा गाईच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. तितक्याच सहजपणे बिनमांसाचा हरीराही होतो, कारण पोट भरण्याचं काम मुळात मसूर आणि हरभराच करतात. आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला सुकामेव्याचा गोड हरीरा देतात. तो निराळा पदार्थ, त्याच्याशी याची गल्लत नको.

पुढल्या पानांत हा बिनमांसाचा हरीरा घरी कसा करावा, हे आहे. त्याआधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कोल्हापूरच्या स्वयंपाकघराला हा पदार्थ मुळापासून शिकावा लागत नाही. कडधान्य त्याचं सत्त्व पाण्यात उतरेपर्यंत शिजवणं, त्या पाण्याला पिठानं अंग आणणं, आंबटाची वेळ साधणं, ही सगळी कामं इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. शिकायचं ते एवढंच, की कशानंतर काय, आणि हात कुठं आवरायचा.

कोल्हापूरची ख्याती मटणाची. तांबडा-पांढरा रस्सा चाखायला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या काढून येतात, आणि त्या ख्यातीत खोटं काहीच नाही. पण तिच्या आड इथला दुसरा, तेवढाच कसदार वारसा झाकला गेला. फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग ही मिसळीची नावं कोणीही पाठ म्हणून दाखवील. त्या मिसळीत मटकी असते, म्हणजे ते मोड आलेल्या कडधान्याचं जेवण आहे, हे मात्र क्वचित कोणी बोलून दाखवतं. मिसळीच्याच कटात, म्हणजे तिखट रश्श्यात, बुडवलेला कटवडा घ्या. महामार्गावर कराड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) ते कोल्हापूर या पट्ट्यात ढाब्याढाब्यावर मिळणारा अख्खा मसूर घ्या. घराघरातली हुलग्याची शेंगोळी घ्या, पावसाळ्यात सर्दी झाली की गूळ घालून करतात ते हुलग्याचं माडगं घ्या. यातलं बरंचसं कोणत्याही प्राणिज जिन्नसाशिवाय होतं, आणि ते खाऊन उसाच्या फडात दिवसभर कोयता चालवता येतो.

या सगळ्यांत हरीऱ्याच्या सर्वांत जवळची म्हणजे येळवणीची आमटी. पुरणपोळीच्या दिवशी हरभराडाळ बोटानं दाबली की चेपेल इतकी शिजते आणि चाळणीवर उपसली जाते. खालच्या पातेल्यात पिवळसर, किंचित बुळबुळीत पाणी जमतं. डाळीतला स्टार्च आणि प्रथिनांचा काही भाग त्यात उतरलेला असतो, म्हणून ते निवलं की वर पातळ साय धरतं. अनुभवी बाई हे पाणी डावानं उचलते आणि धार किती जाड पडते ते बघते. धार पातळ पडली, तर मूठभर शिजलेली डाळ घोटून त्यात परत सोडते. सुकं खोबरं, कांदा आणि लसूण भाजून केलेलं वाटण, चटणी, चिंच, थोडा गूळ, वरून फोडणी. आणि मग मंद आचेवर उकळी, तेलाचा तवंग कडेला सरकेपर्यंत. ज्याला ही आमटी जमते त्याला हरीरा जमलाच म्हणून समजावं. धार पाहायची सवय दोन्हीकडे सारखीच लागते.

पिठाच्या पाण्याचंही तेच. मोरोक्कोत मैदा पाण्यात कालवून सूपात सोडतात, आणि काही घरांत हे पीठ आदल्या रात्रीच भिजवून ठेवतात, म्हणजे त्याला हलका आंबटपणा येतो. आंबवलेलं पीठ शिजवून अन्नाला अंग आणि आंबूस चव देणं ही कोल्हापूरला नवलाची गोष्ट नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा करून भाविक परतले, की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळापाशी आंबील यात्रा भरते. घरोघरून आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य येतो आणि तिथंच पंगती बसतात. आंबवलेल्या पिठाची आंबील आणि शेजारी उकडलेल्या घुगऱ्या. हरीऱ्याच्या वाडग्यातले दोन मुख्य आधार इथं एकाच नैवेद्यात भेटतात.

उत्तर आफ्रिका आणि पंचगंगेचा काठ यांचा संबंध लावणं कोणाला ओढूनताणून केल्यासारखं वाटेल. त्यानं कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात एक चक्कर मारावी. शहरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडाच्या उत्खननात १९४०च्या दशकात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची ती खूण. हा व्यापार घाटाखालच्या बंदरांतून निघून तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या बंदरांवाटे चाले. त्यातलंच एक बेरेनिके. तिथल्या उत्खननात एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. नारळ, तांदूळ आणि मूगही सापडले. दूरदेशी जाणाऱ्या खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी आपल्या जेवणाची सोय बरोबर नेली असणार. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या काठावर भारतातून गेलेले मूग होते. हरीऱ्यात आज जी मिरी आणि दालचिनी पडते, त्यांचा मूळ मुलूखही हिंदी महासागराच्या याच बाजूचा.

मसूर आणि हरभरा मात्र उलट्या दिशेनं आले. दोन्हींची शेती पहिल्यांदा पश्चिम आशियात, आजच्या तुर्कस्तान-सीरियाच्या पट्ट्यात सुरू झाली, आणि तिथून एक फाटा भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठानं मोरोक्कोपर्यंत गेला, दुसरा सिंधूच्या खोऱ्यातून दख्खनेत उतरला. हुलगा आणि मटकी ही मात्र भारताच्याच मातीतली. त्यामुळे कोल्हापूरच्या हरीऱ्यात काबुली हरभऱ्याबरोबर मूठभर हुलगे पडले, तर त्यात बिघडण्यासारखं काही नाही. फक्त हुलगे वेगळे शिजवून घ्यावे लागतात, कारण त्यांना वेळ फार लागतो आणि त्यांच्या पाण्याचा रंग सगळ्या सूपाला काळपट करतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इब्न बतूतानं ज्या हरीऱ्याचा दाखला दिला तो लाल नव्हता. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिकेतली. कोलंबसाच्या १४९२च्या सफरीआधी ती ना मोरोक्कोत होती ना महाराष्ट्रात. मिरची इकडे पोर्तुगीजांच्या गोव्यातून वर चढली, तिकडे स्पॅनिश जहाजांबरोबर उतरली. टोमॅटो दोन्हीकडे त्याहून उशिरा रुळला. त्यामुळे कटाचा लालपणा काय किंवा हरीऱ्याचा काय, दोन्ही तसे अलीकडचेच. त्याखालचं मसुराचं आणि हरभऱ्याचं पाणी तेवढं पुराणं. अस्सल-नक्कल ठरवायला बसणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं, तर पुष्कळ वाद मिटतील.

मिरचीनं दोन्ही मुलखांत जे केलं ते पाहण्यासारखं आहे. ट्यूनीशियात सुकवलेली लाल मिरची भिजवून, लसूण, मीठ, धणे आणि शहाजिरं घालून वाटतात आणि वर ऑलिव्ह तेलाचा थर देतात. ही हरीसा. २०२२ मध्ये युनेस्कोनं तिच्यामागची जाण आणि रीत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कोल्हापूरच्या घरांत उन्हाळ्यात ब्याडगी, संकेश्वरी आणि तिखटाला लवंगी अशा मिरच्या आणून, कांदा-लसूण, खोबरं आणि गरम मसाल्याचे जिन्नस तळून, डंकावर कुटून वर्षाची चटणी भरतात. तिला बाहेरचे लोक कांदा-लसूण मसाला म्हणतात, कोल्हापुरात ती नुसती चटणीच. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरीचा भाव चढला, की शहरातल्या घरांत त्यावर चर्चा होते. ट्यूनीशियातलं नाबल आणि आपलं गडहिंग्लज यांच्यात समुद्र आहेत, पण वर्षाचं तिखट भरायच्या दिवसांत दोन्हीकडे बायकांना एकच काळजी लागलेली असते, मिरची यंदा कशी आहे?

ट्यूनिसची लब्लबी तर मिसळीची जवळची सोयरीकच. सकाळी मजूर, विद्यार्थी, दुकानदार खोलगट वाडगा घेतात, शिळ्या पावाचे तुकडे स्वतः मोडून त्यात टाकतात आणि दुकानदार त्यावर लसूण-जिऱ्याच्या पाण्यात शिजलेला हरभरा ओततो. वरून हरीसा, लिंबू, ऑलिव्ह तेल, आणि हवं तर अंडं किंवा टूना मासा. स्वस्त, गरम, दुपारपर्यंत पोटाला आधार. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव देत नाहीत, स्लाइस ब्रेड देतात, आणि तो कटात बुडवून मऊ करून खाणं हाच इथला शिष्टाचार. कट संपला की पुन्हा मागायचा, तो मिळतोच. इजिप्तमध्ये मसुराचं घोटलेलं सूप आहे, मोरोक्कोतच सुक्या बाकल्याच्या बियांची बिसारा आहे, जी थंडीत ऑलिव्ह तेल आणि जिऱ्याची पूड घालून पितात. हरीरा या कुटुंबातला सर्वांत थाटाचा सदस्य. घरी करायला त्याची निवड करण्याचं कारण हे, की त्याचे बहुतेक सगळे जिन्नस लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात आणि कपिलतीर्थ मंडईत एका फेरीत मिळतात.

त्या फेरीत काय घ्यायचं? मसूर अख्खाच घ्यायचा, सालासकट. सोललेली केशरी डाळ पंधरा-वीस मिनिटांत विरघळते आणि सूपाची नुसती आमटी होते. अख्खा दाणा अर्धा विरतो, अर्धा दाताखाली येतो, आणि हरीऱ्याला हेच हवं. काबुली हरभरा मध्यम आकाराचा बघावा, फार मोठ्या दाण्याला आतपर्यंत शिजायला वेळ लागतो. टोमॅटो पिकलेले, मऊ, गाडीवर संध्याकाळी स्वस्तात मिळतात तसले उत्तम. कोथिंबिरीच्या दोन जुड्या, आणि देठ फेकायचे नाहीत. खरा वास देठांत असतो. हळद सांगलीची, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ती शेजारच्या जिल्ह्यातच पिकते.

अडचण एकाच जिन्नसाची, सेलरीची. मोठ्या दुकानांत ती मिळते, पण महाग आणि बहुतेकदा सुकलेली. काष्ठौषधीच्या दुकानात अजमोदा मिळतो, त्याची चिमूटभर भरड कांद्याबरोबर परतली की सेलरीची आठवण करून देणारा वास येतो. ओवा घालू नये. ओव्याचा वास वेगळा आणि दांडगा आहे, तो सगळं सूप ताब्यात घेतो. पार्सली मिळत नसेल तर तिच्यासाठी हळहळ करण्याचं कारण नाही, कोथिंबीर वाढवावी.

चटणीची गोष्ट थोडी नाजूक आहे. कोल्हापूरच्या हाताला चटणीच्या डब्याकडे जायची सवय असते, आणि हरीरा शिजत असताना तो हात डब्याकडे जाणारच. तिथं तो थांबवावा. हरीऱ्याचं तिखटपण मिरीचं आणि आल्याचं आहे. ते जिभेच्या टोकाला लागत नाही, घशात हळूहळू उतरतं. त्यामागून दालचिनीचा किंचित गोडसर वास आणि टोमॅटोचा आंबटपणा येतो. कांदा-लसूण-खोबऱ्याची चटणी एक चमचा जरी पडली, तरी हे सगळे वास तिच्याखाली दबतात आणि हाती येतो तो कट. कट उत्तमच आहे, पण तो करायचा असेल तर कटच करावा, त्यासाठी दालचिनी आणि सेलरीची यातायात कशाला? ज्यांना तिखट लागतंच त्यांनी चटणी तेलात कालवून वाटीत वेगळी ठेवावी आणि वाडग्यात वरून घ्यावी. ट्यूनीशियातल्या घरांत हरीसा अशीच ताटाशेजारी असते.

आता चुलीपाशी. हरभरा रात्रभर, निदान आठ तास, भिजवायचा. भिजवण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर साल लवकर मऊ होतं. मिठानं कडधान्य निबर होतं असा समज घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे. सालाच्या पेशींना घट्ट बांधून ठेवणारं पेक्टिन पाण्यातल्या कॅल्शियममुळे कडक होतं; मिठातलं सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं आणि बांधणी सैल पडते. बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत कडधान्य शिजता शिजत नाही, त्याचं कारण हेच कॅल्शियम. भिजवलेलं पाणी ओतून द्यावं. पोटात वायू धरायला लावणाऱ्या साखरेचा काही भाग त्यात निघून जातो.

मोरोक्कोतल्या जुन्या वळणाच्या घरांत भिजलेल्या हरभऱ्याचं एकेक साल बोटांनी काढतात. काम किचकट, पण दोन-तीन जणी गप्पा मारत बसल्या तर कळतही नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी हरभरा पंचात गुंडाळून चोळावा, बरीचशी सालं त्यात निघतात. उरली तरी चालतील.

खरी काळजी टोमॅटोची. आंबटानं पेक्टिन विरघळायचं थांबतं, म्हणून टोमॅटो, लिंबू किंवा चिंच कच्च्या कडधान्यात पडली की दाणा तासभर उकळूनही आतून टणक राहतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथं उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये तेच तापमान १२० अंशांपर्यंत जातं. म्हणून हरभरा आधी कुकरमध्ये, पाणी आणि हळद घालून, पुरता मऊ करून घ्यावा. मसूर भिजवायची गरज नाही, तो कांदा आणि मसाल्याबरोबर पातेल्यात उघडाच शिजू द्यावा. मसुराचा दाणा बोटांत दाबला की फुटला पाहिजे. तिथवर टोमॅटो किसून बाजूला ठेवलेला असावा, पातेल्यात नव्हे.

तेल शेंगतेल. मोरोक्कोत साजूक तुपासारखं, पण खारवून मुरवलेलं स्मेन काही घरी घालतात आणि त्याचा उग्र वास ही हरीऱ्याची एक ओळख. प्राणिज काहीच नको असेल तर स्मेन गेलं, आणि त्याबरोबर चवीतली खोली गेली, हे कबूल करायला हवं. ती भरून काढायचा साधा उपाय कांद्यात आहे. कांदा नुसता पारदर्शक न करता, घाण्याच्या शेंगतेलात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत परतावा, त्यातच कोथिंबिरीचे देठ आणि आलं. घाण्याच्या तेलाला स्वतःचा भाजल्या शेंगांचा वास असतो. तो मसुराशी जमतो, हे अख्ख्या मसुराच्या प्रत्येक ढाब्यानं दाखवून दिलं आहे.

हरीरा घडतो किंवा बिघडतो तो पिठाच्या पाण्यापाशी. मसूर फुटला, टोमॅटो पडून त्याचा कच्चा वास गेला, शिजलेला हरभरा आपल्या पाण्यासकट आत आला, आणि पातेलं अजून पातळ दिसतं. कपभर गार पाण्यात तीन चमचे मैदा एकही गुठळी न ठेवता कालवलेला असतो. एका हातानं तो दोऱ्यासारख्या बारीक धारेनं सोडायचा, दुसऱ्या हातानं डाव तळाशी टेकवून, सलग, एकाच दिशेनं फिरवायचा. पहिलं मिनिटभर काही होत नाही. मग डाव जड होऊ लागतो, कडेचे बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटायला लागतात, आणि वर पांढरट फेस येतो. तो फेस झाऱ्यानं काढून टाकायचा. याच वेळी हात थांबला, तर पीठ तळाला बसतं आणि जळका वास सगळ्या सूपात जातो. मग काहीही केलं तरी तो निघत नाही. दहा-बारा मिनिटं आणखी मंद आच. डावाच्या पाठीवर बोट ओढलं आणि रेघ तशीच राहिली, म्हणजे झालं. येळवणीची धार पाहणाऱ्या हाताला ही खूण नव्यानं सांगावी लागत नाही.

मैद्याऐवजी कणीक चालते, सूप थोडं खरबरीत होतं. ज्वारीचं पीठ वापरायचं तर आदल्या रात्री भिजवून, आंबिलीसारखं थोडं आंबू द्यावं. हा मोरोक्कोचा रिवाज नाही, कोल्हापूरचा आहे, आणि चव मात्र त्या आंबवलेल्या पिठाच्या हरीऱ्याच्या जवळ जाते. गहू चालत नाही अशांच्या घरी हाच उपाय खरा. तिथं शेवया वगळून मूठभर तांदूळ टाकावेत. मोरोक्कोतही काही घरी शेवयांऐवजी तांदूळच असतो. शेवया घालायच्या असल्या तर पीठ लावल्यानंतर, शेवटच्या पाच मिनिटांत.

पोषणाचं बोलायचं तर मसुराच्या आणि हरभऱ्याच्या कोरड्या दाण्यात वजनाच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी प्रथिनं असतात. डाळींत एका प्रकारच्या अमायनो आम्लांची कमतरता आणि गहू-ज्वारीत दुसऱ्या, म्हणून दोन्ही एका जेवणात आले की एकमेकांचं उणं भरून निघतं. पीठ, शेवया किंवा भाकरी हे काम करतात. मसुरातलं लोह शरीराला सहज मिळत नाही, पण लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषून घ्यायला मदत करतं. वाडग्यावर लिंबू पिळायचं ते चवीसाठी, आणि हे कामही त्यात होतं. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावं, उकळीत क जीवनसत्त्व पुरतं टिकत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळलं. कडधान्यांच्या मुळांवरचे जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत बांधतात, त्यांना पाणीही थोडं लागतं, हे त्या निमित्तानं जगाला पुन्हा सांगितलं गेलं. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यानं ते कान देऊन ऐकायला हवं होतं. भारत कडधान्यांचं सर्वाधिक उत्पादन करणारा आणि सर्वाधिक खाणारा देश आहे, तरी लक्ष्मीपुरीतला बहुतेक मसूर मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशातून येतो, कधी कॅनडा-ऑस्ट्रेलियातूनही. पंचगंगेच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला आणि हुलगा, मटकी माळाच्या कडेला सरकली. घरात कडधान्याचं पातेलं आठवड्यातून एक-दोनदा जास्त चढलं, तर त्या माळावरच्या पिकाला गिऱ्हाईक मिळेल, ही अपेक्षा काही फार नाही.

वाढताना हरीरा खोल वाडग्यात, वाफाळता हवा. वरून कोथिंबीर, लिंबाची फोड, शेजारी दोन खजूर. हे गोड-आंबट एकत्र पहिल्यांदा विचित्र वाटतं. सूपाचे चार घोट आणि खजुराचा एक घास असं खाल्लं की त्याची गंमत कळते. ज्यांना शेबाकिया करणं झेपणार नाही त्यांनी तिळाची वडी ठेवावी, गुळाची. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि तीळ-गूळ हरीऱ्याच्या मिरीशी सुरेख जातो. ब्रेडपेक्षा ज्वारीची भाकरी बरी, कुस्करून नव्हे, मोडून बुडवून.

पुढल्या पानांतली मापं सहा जणांच्या बेतानं दिली आहेत. त्यातली वाटी १५० मिलिलिटरची, आणि चमचा म्हणजे पोह्याचा, सपाट भरलेला. हरीरा दुसऱ्या दिवशी दाट होतो, कारण शेवया आणि पीठ रात्रभर पाणी ओढत राहतात. गरम करताना त्यात आधी वाटीभर कढत पाणी घालावं, मंद आचेवर ढवळत उकळी आणावी आणि मीठ पुन्हा एकदा चाखून घ्यावं. उरेल असं वाटत असेल, तर शेवया पातेल्यात घालूच नयेत. त्या वेगळ्या उकडून ठेवाव्यात आणि वाढताना वाडग्यात टाकाव्यात.